अनेल्का – बारा क्लब, सात देश. भाच्याला काय सांगू?

नेरूळकर_मामा

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे, स्ट्रायकर म्हणजे गोल करायला पुढे खेळतो, बरा खेळतो असं त्याचे कोचच सांगतात. पण दोन वर्षांत दोन ॲकॅडमी सोडून झाल्या आणि आता तिसरी पण सोडायची म्हणतोय. ताई माझी पार वैतागलीये, तिचं म्हणणं की असं दर वर्षी घर बदलणारा पोरगा कुठेच टिकत नाही. परवा जेवताना विषय निघाला तर हा मलाच म्हणतो, मामा तूच तर मला अनेल्काची मॅच दाखवायला नेलं होतंस ना, तो किती क्लब खेळला ते मोज की.

आता ही गोष्ट खरी आहे. अनेल्का म्हणजे निकोलस अनेल्का, फ्रान्सचा स्ट्रायकर. २०१४ ला आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग पहिल्यांदा सुरू झाली, मुंबई सिटीच्या मॅच आमच्या नेरूळला डी. वाय. पाटीलवर असायच्या. भाचा तेव्हा अगदी लहान, त्याला खांद्यावर बसवून नेलं होतं, केरळ ब्लास्टर्सविरुद्धची मॅच. अनेल्काच्या एकाच गोलवर आपण १-० जिंकलो. पोराला त्यातलं काय आठवत असणार, पण मला नीट आठवतंय, कारण मी ती संध्याकाळभर बॉल सोडून त्याच माणसाकडे बघत होतो. पस्तीस वर्षांचा, पळत फारसा नव्हता. बॉल दुसऱ्या बाजूला असताना कमरेवर हात ठेवून उभा, मान मात्र सारखी मागेपुढे, आपल्या विंगरला बोटाने जागा दाखवतोय. आणि पास आला की पहिल्या टचलाच बॉल पायाशी असा बसायचा की शेजारच्या डिफेंडरला पाय घालायला जागाच राहायची नाही. बाकी सगळे धापा टाकतायत, आपल्याकडचा तो दमट उकाडा, घामाने सगळ्यांचे टीशर्ट अंगाला चिकटलेले, आणि हा एकटा शांत.

तर मी बसून मोजलं. पीएसजी (पॅरिसचा क्लब), आर्सेनल, रिअल माद्रिद, परत पीएसजी, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, फेनरबाचे, बोल्टन, चेल्सी, शांघाय शेनहुआ, युव्हेंटस, वेस्ट ब्रॉम आणि मुंबई सिटी. पीएसजी एकदाच धरलं तर बारा क्लब. फ्रान्स, इंग्लंड, स्पेन, तुर्कस्तान, चीन, इटली, भारत, म्हणजे सात देश.

माझा प्रश्न असा की ज्यांनी त्याला सुरुवातीपासून बघितलंय त्यांनी सांगावं, एवढं फिरून त्याचं भलं झालं की नुकसान? सोडून गेला म्हणून मोठा झाला, की टिकून राहिला असता तर अजून मोठा झाला असता? पोराला काहीतरी खरं सांगायचंय, उगाच धाक घालायचा नाही.

---

हायबरी_९८

मामा, प्रश्न आवडला. मी ९७ पासून आर्सेनलचा माणूस, त्यामुळे या खेळाडूबद्दल मनात राग पण आहे आणि जीव पण आहे, दोन्ही गोष्टी येतील लिहिण्यात.

हा पॅरिसजवळच्या त्राप नावाच्या उपनगरात वाढला, आईवडील मार्टिनिकचे. क्लेअरफाँतेनला फ्रान्सच्या फुटबॉल संघटनेची जी प्रसिद्ध ॲकॅडमी आहे तिथे तयार झाला, मग पीएसजी. फेब्रुवारी ९७ मध्ये आर्सेनलच्या कोच वेंगरने त्याला उचललं, वय १७, किंमत फक्त ५ लाख पौंड. पुढच्याच सीझनला इयान राइट जखमी झाल्यावर पोराला जागा मिळाली आणि ९८ ला आर्सेनलने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. एफए कपच्या फायनलमध्ये न्यूकासलविरुद्ध दुसरा गोल याचा. रे पार्लरने डिफेन्सच्या डोक्यावरून बॉल टाकला, हा मागून सुटला आणि खालून लांबच्या कोपऱ्यात मारला. एकोणीस वर्षांचा होता हो! तो गोल भाच्याला जरूर दाखवा. पुढच्या सीझनला लीगमध्ये १७ गोल आणि इंग्लंडमधला वर्षाचा सर्वोत्तम तरुण खेळाडू. फेब्रुवारी ९९ ला फ्रान्स वेंब्लीवर इंग्लंडला २-० हरवून गेलं, दोन्ही गोल याचे.

एक धक्का मात्र त्याला आधीच बसला होता. ९८ च्या वर्ल्ड कपला फ्रान्सच्या शेवटच्या २२ मध्ये त्याला घेतलं नाही. घरच्या मैदानावर देश वर्ल्ड कप जिंकला आणि हा टीममध्ये नाही.

मग ९९ च्या उन्हाळ्यात ते रामायण. त्याचे भाऊच त्याचे एजंट, इंग्लिश पेपरवाले रोज मागे लागलेले, हा म्हणतोय मला इथे राहायचंच नाही. शेवटी रिअल माद्रिदने सव्वादोन कोटी पौंडांच्या आसपास पैसे मोजले. ५ लाखाचे सव्वादोन कोटी, अडीच वर्षांत. वेंगरने त्यातल्या साधारण निम्म्या पैशात युव्हेंटसकडून थिएरी ऑन्री आणला आणि उरलेल्यातून लंडन कोल्नीचं ट्रेनिंग ग्राउंड उभं राहिलं. आर्सेनलच्या पुढच्या सगळ्या वैभवाचा पाया म्हणजे हा सौदा. क्लबचं भलं झालं.

आता त्याचं काय झालं? मला विचाराल तर त्या उन्हाळ्यात जे झालं ते नुकसानच. बर्गकाम्पसारखा माणूस त्याला मागून पास देत होता, याची धाव ओळखणारा. अजून चारपाच वर्षं एकत्र राहिले असते तर काय झालं असतं याचा विचार मी आज पंचवीस वर्षांनंतरही करतो. ऑन्रीने जे केलं ते सगळं याला जमलं असतं असं मी म्हणणार नाही, पण ती जागा आधी याची होती.

---

मडगावकार

हायबरीभाऊ, नुकसान म्हणताय पण माद्रिदमध्ये एका वर्षात तो चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकला की. लीगमध्ये दोनच गोल, हे खरं. मार्चमध्ये ट्रेनिंगला जायला नकार दिला म्हणून क्लबने ४५ दिवस बाहेर बसवलं, हे पण खरं. पण मग परत आला आणि सेमीफायनलला बायर्न म्युनिकविरुद्ध दोन्ही लेगमध्ये गोल. फायनल २४ मे २००० ला पॅरिसला, म्हणजे त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, व्हॅलेन्सियाला ३-० हरवलं, हा पहिल्या मिनिटापासून मैदानात. नंतर युरो २००० जिंकलेल्या फ्रान्सच्या टीममध्ये पण होता. एकवीस वर्षांच्या पोराकडे एवढं सगळं! आपण कुणाला नुकसान म्हणतोय?

मुंबईवाल्यांना वाईट वाटेल पण आमच्या फातोर्ड्याची गोष्ट सांगतो. २०१५ ला अनेल्का मुंबई सिटीचा खेळाडू पण होता आणि कोच पण. सुनील छेत्री टीममध्ये, सोनी नॉर्दे टीममध्ये. आणि नोव्हेंबरमध्ये एफसी गोवाने त्यांना ७-० हरवलं. डुडूची हॅटट्रिक, हाओकिपची हॅटट्रिक. मी स्टँडमध्ये होतो, सहावा सातवा गोल झाल्यावर आमचे लोक नाचत होते, मी पण नाचलो, पण मधेच नजर त्याच्याकडे गेली. ज्या माणसाने माद्रिदच्या बर्नाबेऊ स्टेडियमवर गोल मारलेत तो इथे फातोर्ड्यात उभा राहून सात गोल बघतोय. चेहऱ्यावर काहीच नाही. त्या दिवशी मला कळलं की मोठा खेळाडू म्हणजे मोठा कोच असं नसतं, आणि हे पण वाटलं की याला इतक्या वर्षांत कुणी टीम चालवायला शिकवलंच नसणार, दर दोन वर्षांनी नवं शहर नवी भाषा.

---

कोल्हापुरी_हाफबॅक

मामा नमस्कार. युरोपचं मला जास्त कळत न्हाई, पण पोरगं टीम सोडतंय म्हटल्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

आमच्याकडं फुटबॉल म्हणजे पेठ. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, ज्या गल्लीत जन्मलास त्या तालमीचा शर्ट. शाहू स्टेडियमवर सीझनला या, आजोबा बापाला आन् बाप पोराला घेऊन एकाच बाजूला बसलेले दिसतील, आन् ती बाजू बदलत न्हाई. मी हाफला म्हणजे मधल्या फळीत खेळायचो. एका वर्षी आमच्या टीमचं आन् माझं बिनसलं, मला सलग चार मॅच बसवलं, कारण बी सांगितलं न्हाई. मी रागानं दुसऱ्या पेठेच्या टीमकडनं खेळायला गेलो. नाव कुणाचंच घेत न्हाई, आता सगळी आपलीच माणसं हायेत. पण भावा, पहिल्या मॅचला वॉर्मअप करताना आमच्याच गल्लीतली माणसं माझ्याकडं पाठ करून बसलेली बघितली तेव्हा पाय जड झाले. खेळ माझा चांगला झाला त्या वर्षी, हे बी सांगतो. आधीच्यापेक्षा चांगला झाला, कारण नव्या टीमनं मला सांगितलं होतं, तू बॉल काढायचास आन् डावीकडं द्यायचास, बाकी कशात पडू नकोस. कुणीतरी पहिल्यांदा नेमकं काम सांगितलं.

म्हणून माझं म्हणणं, जाणं वाईट न्हाई. रागानं जाणं वाईट. मी आमच्या कॅप्टनशी बोललोच न्हाई जायच्या आधी, ते मला आजपर्यंत लागतंय. पोरगं का सोडतंय ते तुम्ही लिहिलंच न्हाई मामा. तेवढं सांगा.

---

नेरूळकर_मामा

हाफबॅकभाऊ, बरोबर पकडलंत. मी ते लिहिलं नाही कारण मला ते किरकोळ वाटलं होतं. कारण असं की पहिल्या दोन्ही ठिकाणी आणि आता इथे पण कोच त्याला म्हणतात तू नऊ नंबर आहेस, पुढे सेंटर बॅकच्या, म्हणजे समोरच्या मधल्या डिफेंडरच्या, खांद्याला खांदा लावून उभा राहा, बॉल घ्यायला खाली येऊ नकोस. आणि याला खाली यायचं असतं. म्हणतो दहा दहा मिनिटं बॉलच मिळत नाही, मी काय खांब आहे का. मग भांडण, मग मला बाहेर बसवलं, मग मी जातो.

---

हायबरी_९८

मामा!! हे किरकोळ नाही. अनेल्काचं सगळ्यात मोठं भांडण नेमकं याच गोष्टीवरून झालंय.

२०१० चा वर्ल्ड कप, दक्षिण आफ्रिका, १७ जून, पोलोक्वानेला फ्रान्स विरुद्ध मेक्सिको. अनेल्का एकटा पुढे. आणि तो सारखा खाली येत होता बॉल घ्यायला, कारण पुढे बॉल पोचतच नव्हता. हाफ टाइमला कोच दोमनेकने ड्रेसिंग रूममध्ये त्यालाच बोलायला सुरुवात केली की तू जागेवर थांबत नाहीस. त्यावर हा जे बोलला ते दोन दिवसांनी फ्रान्सच्या लेकिप पेपरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात शिवीसकट छापून आलं. ते शब्द मी उच्चारलेच नाहीत असं अनेल्का सांगत आला, पेपरवर केस पण केली. काही का असेना, दुसऱ्या हाफला त्याच्या जागी जिन्याक आला, फ्रान्स २-० हरलं, माफी मागायला हा तयार झाला नाही म्हणून त्याला घरी पाठवलं. आणि पुढे तर नायस्नाला, टीमच्या मुक्कामाच्या गावी, सगळ्या टीमनेच ट्रेनिंग करायला नकार दिला, बसमध्ये जाऊन बसले, खेळाडूंचं पत्र कोचलाच कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवावं लागलं. फ्रान्स ग्रुपमध्येच बाहेर. अनेल्काला १८ मॅचची बंदी, म्हणजे देशासाठीचं खेळणं संपलंच. ६९ मॅच आणि १४ गोल, तिथेच थांबलं.

एका स्ट्रायकरने कुठे उभं राहायचं, एवढ्या एका मुद्द्यावरून एवढं सगळं. आणि त्याच वर्षी साधारण महिनाभर आधी हाच माणूस चेल्सीत लीग आणि एफए कप जिंकून आला होता! तिथे तो खाली येत नव्हता का? येतच होता. पण तिथे पुढे द्रोग्बा होता, तो डिफेंडरना अंगावर घेऊन थांबायचा, मागून लॅम्पार्ड आणि मालूदा रिकाम्या जागेत घुसायचे, त्यामुळे अनेल्का खाली आला की जागा तयार व्हायची. फ्रान्सच्या त्या टीममध्ये तो खाली आला की पुढे कोणीच उरायचं नाही. खेळाडू एकच, सवय एकच. शेजारी कोण आहे त्यावर ती सवय गुण ठरते की दोष.

---

रशोमचा_भाडेकरू

मँचेस्टरहून लिहितोय. मी २००१ ला इकडे आलो, रशोममध्ये खोली भाड्याने घेतली होती, मँचेस्टर सिटीचं मेन रोड स्टेडियम तिथून चालत जायच्या अंतरावर. मॅचच्या दिवशी खिडकी उघडली की गोल झालेला टीव्हीच्या आधी आवाजावरून कळायचा. तेव्हाची सिटी म्हणजे आजची सिटी नाही हे आधी लक्षात घ्या, नुकतेच खालच्या डिव्हिजनमधून वर आले होते, पैसा नव्हता, आणि कोच केव्हिन कीगनने २००२ मध्ये १ कोटी ३० लाख पौंड देऊन अनेल्का आणला. क्लबच्या इतिहासातली तोवरची सगळ्यात महाग खरेदी. त्याच्या आधी तो लिव्हरपूलला लोनवर (तात्पुरता उसना) अर्धा सीझन होता, चांगला खेळला होता, सगळ्यांना वाटलं होतं कायम घेतील, पण तिथल्या कोच उलियेने त्याच्याऐवजी एल हाजी दियूफला घेतलं. म्हणजे मामा, हे पण भाच्याला सांगा की दर वेळी तो सोडून गेला असं नाही, काही वेळा त्याला राहायचं होतं आणि दार बंद झालं.

नोव्हेंबर २००२, मेन रोडवरची शेवटची डर्बी, म्हणजे शहरातल्याच मँचेस्टर युनायटेडविरुद्धची मॅच. पाचव्याच मिनिटाला अनेल्काचा गोल. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही, खिडकीची काच थरथरली. ३-१ जिंकले. मी तेव्हा एकटा, ऑफिसमध्ये कुणाशी ओळख नाही, थंडीत सहा महिने काढलेले, त्या रात्री खाली रस्त्यावर अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या. त्यामुळे हा माणूस कुठे किती टिकला याच्याशी मला काही देणंघेणं नाही, माझ्यासाठी तो कायमचा इथलाच.

पहिल्या सीझनला लीगमध्ये १४ गोल, दुसऱ्याला १६. जानेवारी २००५ ला फेनरबाचेला गेला, तिथे पण त्याच सीझनला तुर्कस्तानची लीग जिंकला.

---

सईची_आई

मी फुटबॉलवाली नाही, माझी मुलगी खेळते म्हणून वाचत होते. एक विचारू का? एवढे सगळे क्लब त्याला विकत कशाला घेत होते, जर तो भांडखोर म्हणून प्रसिद्ध होता तर? कुणी म्हणत कसं नव्हतं की नको बाबा हा?

---

हायबरी_९८

ताई, अगदी योग्य प्रश्न आहे आणि उत्तर सोपं आहे, तो गोल करायचा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये सहा वेगवेगळ्या क्लबकडून खेळून एकूण १२५ गोल, सहाच्या सहा क्लबकडून गोल. टीम कुठलीही द्या, पाय तोच.

दुसरं कारण पैसा. बोल्टनचंच बघा. छोटा क्लब, २००६ ला त्यांच्या कोच सॅम अलारडाइसने ८० लाख पौंडांना घेतला, त्यांचा रेकॉर्ड. पहिल्या वर्षी त्याने ११ गोल केले, टीम सातवी आली आणि युरोपात खेळायला पात्र ठरली. जानेवारी २००८ ला चेल्सीने दीड कोटी दिले. दीड वर्ष वापरला आणि जवळपास दुपटीने विकला. आर्सेनलचा हिशोब तर वर दिलाच आहे. प्रत्येक वेळी बदली झाली की कुणा ना कुणाच्या खिशात पैसा पडायचा, क्लबच्या, एजंटच्या, त्याच्या स्वतःच्या पण. पेपरमध्ये मात्र नाव यायचं याचं एकट्याचं, की बघा रुसला, बघा निघाला. इंग्लिश पेपरांनी त्याला रुसूबाई ठरवणारं टोपणनाव पण ठेवलं होतं. मी पण तेव्हा त्याला शिव्या घातल्यात. आता वाटतं वीस वर्षांच्या पोराभोवती एवढी मोठी माणसं होती, कुणीतरी जरा थांब म्हणायला हवं होतं.

चेल्सीत तो चार वर्षं राहिला हे लोक विसरतात. सगळ्यात जास्त काळ तिथेच. सुरुवात किती वाईट झाली, मे २००८, मॉस्को, चॅम्पियन्स लीगची फायनल, पाऊस, युनायटेडविरुद्ध पेनल्टी शूटआउट. चेल्सीचा टेरी पेनल्टी घेताना घसरला ते सगळ्यांना आठवतं, पण शेवटची पेनल्टी अनेल्काची होती, युनायटेडच्या गोलकीपर व्हॅन डर सारने उजवीकडे झेप घेऊन अडवली आणि कप गेला. कुणीही म्हटलं असतं की आता हा क्लब बदलणार. नाही बदलला. पुढच्या सीझनला लीगमध्ये सगळ्यात जास्त, १९ गोल करून गोल्डन बूट घेतला. त्यातले बरेचसे द्रोग्बा जखमी असताना एकटा पुढे खेळून. आणि त्याच्या पुढच्या सीझनला कोच आन्चेलोत्तीच्या हाताखाली चेल्सीने लीगमध्ये १०३ गोल केले, शेवटच्या दिवशी विगनला ८-० हरवून लीग जिंकली, त्यातले दोन याचे.

---

मडगावकार

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून मी लिहितो, कारण पोराला सांगायचं तर सगळं सांगावं. डिसेंबर २०१३, वेस्ट ब्रॉमकडून वेस्ट हॅमविरुद्ध, ३-३ झालेली मॅच. त्या क्लबसाठीचे त्याचे दोनच गोल, दोन्ही त्या एका मॅचमध्ये, आणि त्यातल्या एका गोलनंतर त्याने हाताने जी खूण केली ती फ्रान्समध्ये ज्यूंच्या विरोधातली मानली जाते. तो म्हणाला एका विनोदी कलाकार मित्राला पाठिंबा म्हणून केली. पण चौकशी झाली, पाच मॅचची बंदी, ८० हजार पौंड दंड. तो निघतो म्हणाला, क्लबने पण करार संपवला. ही बंदी पुरी संपली नव्हती म्हणून मुंबई सिटीच्या पहिल्या तीन मॅचना तो नव्हता. पुण्याला ५-० धुतलं आणि आंद्रे मोरित्सने आयएसएलमधली पहिली हॅटट्रिक मारली त्या मॅचला पण अनेल्का मैदानात नव्हता.

मी त्याच्या खेळाचा चाहता आहे पण या गोष्टीला माझ्याकडे माफी नाही. लाखो पोरं बघत असतात. ज्याला मैदानावरून काही सांगायचंय त्याने दुसऱ्या कुणाच्या जखमेवर पाय देऊन सांगू नये.

---

रशोमचा_भाडेकरू

सहमत. ते बघून मलाही वाईट वाटलं होतं.

शांघायचं राहिलं. २०१२ ला गेला, काही आठवड्यांत टीमचं बिनसलं, तिगाना कोच होता त्याला काढलं आणि अनेल्काकडेच कोचिंगची पण जबाबदारी आली. त्याच उन्हाळ्यात द्रोग्बा पण तिथे आला. पण वर्षभरात दोघेही बाहेर. मग युव्हेंटसला लोनवर, लीगमध्ये दोनच मॅच, पण टीम चॅम्पियन. इंग्लंड, तुर्कस्तान, इटली, तीन देशांच्या लीग जिंकलेला स्ट्रायकर आपल्या नेरूळला खेळून गेला हो, मामांनी बघितलाय तो.

आणि सगळ्यात जास्त फिरलेला हवा असेल तर उरुग्वेचा सेबास्तियान आब्रेऊ बघा. तिशीच्या वर क्लब, गिनीजमध्ये नाव. २०१० च्या वर्ल्ड कपला घानाविरुद्ध शेवटची पेनल्टी त्याने मधोमध हलकेच उचलून टाकली आणि उरुग्वेला सेमीफायनलला नेलं. एवढे क्लब फिरूनही पाय तेवढे थंड होते.

---

कोल्हापुरी_हाफबॅक

मामा, आता दोन कामाच्या गोष्टी. एक, पोरगं या सीझनला जिथं रजिस्टर झालंय तिथनं मधेच सुटायचं तर क्लबचं ना-हरकत लागतंय, ऑनलाइन ट्रान्सफर करावी लागती. भांडून निघालं तर कागद अडकून बसतात आन् पोरगं सहा महिने घरी. हे मी डोळ्यानं बघितलंय, चांगली चांगली पोरं गेली असली. सीझन संपस्तोवर थांबू द्या, मग हात मिळवून निघू द्या.

दोन, कोचला विचारा, याला खाली यायचं आसंल तर पुढं कोण पळणार? हे विचारायला पोराला एकट्याला पाठवू नका, तुम्ही सोबत जा पण बोलू दे त्यालाच. कोच चिडला तर चिडला. उत्तर आलं तर कळंल की माणूस विचार करतोय का नुसता ओरडतोय.

---

नेरूळकर_मामा

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री भाचा आला होता, त्याला हायबरीभाऊंनी सांगितलेला ९८ च्या फायनलचा गोल दाखवला. तीनचार वेळा मागे नेऊन बघितला त्याने. मग स्वतःच म्हणाला, मामा हा इथे खाली आलाच नाहीये, बॉल यायच्या आधीच सुटलाय. मग मी चेल्सीच्या मॅच लावल्या, तिथे हाच माणूस अकराबारा वर्षांनी अगदी सेंटर सर्कलपर्यंत येऊन पास देतोय, वळतोय, परत पुढे जातोय. भाचा बराच वेळ गप्प होता. म्हणाला, म्हणजे आधी ते शिकला आणि मग हे. मी काही बोललो नाही, आयुष्यात पहिल्यांदा मामाने योग्य वेळी तोंड बंद ठेवलं असं ताईचं म्हणणं.

मॉस्कोची पेनल्टी पण बघितली. ती मला दाखवायची नव्हती, त्यानेच शोधली. हाफबॅकभाऊंची पाठ फिरवून बसलेल्या गल्लीची गोष्ट ताईने वाचली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

कोचना आज दुपारी फोन केला. शनिवारी सकाळी प्रॅक्टिसच्या आधी अर्धा तास वेळ दिलाय. सीझन मेपर्यंत आहे, तोवर थांबतो असं पोरगं म्हणालंय, पुढचं पुढे. शनिवारी काय होतं ते इथेच लिहितो.

---

कोल्हापुरी_हाफबॅक

लिहा मामा. वाट बघतो.